दोघींतली कॉफी

मैत्री मोडायला फार मोठं कारण लागतं असं कोण म्हणतं? आम्हाला एक ओला टॉवेल पुरला! ऋतानं गाडीत तो माझ्या धुतलेल्या कपड्यांवर टाकला, आणि बंगळूरला उतरेपर्यंत आमचं बोलणं बंद. पुढची भटकंतीही रद्द. ती दुपारच्या गाडीनं पुण्याला परत जाणार आणि मी संध्याकाळच्या गाडीनं एकटीच मदुराईला.

स्टेशनसमोरच्या हॉटेलात मी तणतणत शिरले. ऋता बाहेर सॅकवर, तोंड फिरवून बसलेली. आत सगळे 'बाय-टू कॉफी' मागत होते. मला वाटलं, छोटा कप असणार. मीही मागितली.

काउंटरवरच्या अक्का तिथल्याच जुन्या मराठी घरातल्या निघाल्या. त्यांनी एक कॉफी दोन पेल्यांत ओतली आणि माझ्या मागं पाहिलं.

"दुसरं कोण?"

"कुणी नाही. एकटीच आहे."

"बाय-टू एकटीला कशी देऊ? ही दोघांत वाटून प्यायची कॉफी. बाहेर ती सॅकवाली बसलीय, ती कोणाची?"

माझी नजर बाहेर ऋताकडं गेली.

"सरी, बरं. आधी तिला दे जा, स्वल्प गार झाली की मजा नाही."

गेले. पेला पुढं केला. ऋतानं एक घोट घेतला.

"साखर जास्त आहे."

"हो."

"अजून एक बाय-टू सांग."

"अगं, तुझी गाडी लागली असेल."

"लागू दे," असं म्हणून तिनं तो टॉवेल काढला आणि उन्हात स्वतःच्या सॅकवर वाळत घातला.