मोकळा श्वास

परळला नाक-कान-घशाच्या दवाखान्यात ललिताबाई आपल्या नंबराची वाट पाहत होत्या. शेजारी बसलेला नवरा बायकोला मोबाईलवर गाडीचे एअर फिल्टर दाखवत होता.

"अक्षदा, हा लाल घेऊ की निळा? लावला की गाडी मोकळा श्वास घेईल."

"पण आवाज वाढेल ना?"

"थोडी घुरघुरेल. तीच तर मजा आहे."

"म्हणजे घरात तू घुरघुरणार, रस्त्यावर ती."

ललिताबाईंनी कानातल्या यंत्राचा आवाज हळूच वाढवला.

"मी काय एवढा घोरत नाही."

"हितेंद्र, वरचे कुशाबाकाका विचारत होते, रोज पहाटे मिक्सर कशाला लावता म्हणून."

"त्यांची झोपच हलकी आहे."

"डॉक्टर आज नाकाचं ऑपरेशन सांगतील. करून घेशील ना?"

"वेडी आहेस का? ओरिजिनल पार्टला कोणी हात लावतं का?"