तक्त्यातलं टिंब

साटू : तुमच्या आरोग्य संस्थेच्या या तक्त्यात बाकी सगळ्या गावांपुढे आकडे, आणि आमच्या गावापुढे हे काय? टिंब?

यार्मो : नियम आहे तसा. पाचपेक्षा कमी रुग्ण असले की आकडा छापत नाही. लहान गावात माणूस लगेच ओळखू येतो.

साटू : अहो, ओळखायचं काय राहिलंय इथं! चाळीस घरं आमची. तिन्ही पोरांच्या शवपेट्या आम्हीच उचलल्या. माझी वेन्ला अकरा वर्षांची होती. तिचं तुम्ही टिंब केलंत!

यार्मो : मला मनापासून वाईट वाटतं, साटू.

साटू : वाईट नका वाटून घेऊ, विहिरीचं पाणी तपासा. वर बंद पडलेली खाण, खाली गावाची एकच विहीर. कॉफी घ्या. भांडतेय म्हणून पाहुण्याला कोरडं बसवणारी नाही मी.

यार्मो : आभारी आहे. पण तेच पाणी उरलेली सदतीस घरंही पितात. तीन रुग्ण निव्वळ योगायोगानंही होऊ शकतात. देशभरात रक्ताच्या कर्करोगानं मरणाऱ्या मुलांचं प्रमाण घटलंय, ते मघाशी सभेत दाखवलं मी.

साटू : दाखवलंत की! रंगीत रेघ, वरून खाली. टाळ्यासुद्धा पडल्या. माझ्या घरी एक पलंग रिकामा आहे, तो कुठं बसतो त्या रेघेत?

यार्मो : एकेका घरापाशी थांबलो, तर लाखोंचं काम अडेल. त्या लाखोंतही कुणाच्या तरी लेकी आहेतच. त्या वाचल्या.

साटू : वाचू देत हो, शंभर वर्षं जगू देत! मी काय त्यांच्या तोंडचा घास मागतेय? पाणी तपासा म्हणतेय, पाणी!

यार्मो : तिघांवर संस्था मंजुरी देणार नाही. पाच झाले, तर मी स्वतः अर्ज करीन. शब्द देतो.

साटू : पाच.

यार्मो : किमान पाच.

(साटू टेबलावरचा तक्ता उचलते आणि त्याची घडी घालायला लागते. घडी नीट पडत नाही.)

साटू : धाकटीच्या, लुमीच्या, नाकातून रक्त येतंय. वेन्लाचं असंच सुरू झालं होतं. सोमवारी तपासायला दिलंय, उद्या कळेल.

यार्मो : अरे देवा. मला... मला हे माहीत नव्हतं.

साटू : तिला निघालं, तरी चारच होतात. पाचवा कुणाच्या घरातून आणू, तेवढं सांगून जा.