अन्नम्माबाईंच्या अर्जावरची खूण

पाळकसाहेब, शैला, मंडळीतल्या बंधुभगिनींनो, आणि लालबागहून आलेल्या काकांच्या शेजाऱ्यांनो,

मला बोलता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. आपल्या चर्चच्या मंडळीचा सेक्रेटरी म्हणून रविवारी सूचना वाचतो, तेवढंच. आज कागदही आणला नाही. कागदावरून वाचलं असतं तर ज्यासाठी उभा राहिलो तेच गाळलं असतं.

यशवंतकाका गेले. गुरुवारी आपण त्यांना माती दिली. तेव्हापासून मंडळीत एकच कुजबुज चालू आहे. इतकी वर्षं कमिटीत बसलेला माणूस. आपलं प्रोटेस्टंट कबरस्तान इथं चालत जाण्याच्या अंतरावर. मग त्यांना पार उपनगरात का नेलं? काहींनी शैलाला बोल लावला, त्यांच्या मुलीला. तिचा दोष नाही. कुणाचा आहे, ते सांगतो.

सात वर्षांपूर्वी काकांच्या पत्नी गेल्या, अन्नम्माबाई. केरळहून परळला नर्स म्हणून आल्या, मिलमधल्या टाइमकीपरशी लग्न केलं आणि लालबागच्या चाळीत राहिल्या. दर रविवारी आपल्यातच बसायच्या. पण माहेरच्या मंडळीतून बदलीचं पत्र त्यांनी कधी आणलं नाही. मी मागितलं, तर म्हणाल्या, "अरे, पत्र आणलं की तिकडचं माझं नाव काढतील. आईच्या नावाखाली आहे ते. राहू दे ना."

मी म्हटलं, "मग तुम्ही नक्की कोण, बाई? कॅथलिक नाही, आमच्यातल्या नाही."

"आम्ही प्रार्थना करत होतो तेव्हा तुमचे मिशनरी साहेब जन्माला पण आले नव्हते. आणि तू मला विचारतोस मी कोण?"

अशा होत्या. हसायच्या आणि विषय संपवायच्या.

त्या गेल्या तेव्हा आपल्याकडे पाळक नव्हते. जुने बदलून गेले होते, नवे यायचे होते. दफनाचा अर्ज मीच भरायला बसलो. पंथाच्या रकान्यात तीन चौकोन. रोमन कॅथलिक. प्रोटेस्टंट. इतर. आपल्या कबरस्तानात फक्त प्रोटेस्टंट. इतर असेल तर उपनगर.

मी खेड्यातल्या शाळेत शिकलो. आमच्या गुरुजींनी सोपं करून सांगितलं होतं. पोपला मानतात ते कॅथलिक, मानत नाहीत ते प्रोटेस्टंट. पुढे मुंबईत एका पुस्तकात वाचलं, की पूर्वेकडच्या जुन्या सुरियानी मंडळ्याही आहेत. त्या पोपला मानत नाहीत, पण प्रोटेस्टंटही नव्हेत. एवढंच वाचलं होतं, आणि एवढ्याचाच मला अभिमान होता. अन्नम्माबाईंची केरळातली माहेरची मंडळी सुरियानी. त्यांचे बिशप लांब झगे घालतात, हे मी फोटोत पाहिलं होतं. मी 'इतर'वर खूण केली.

काका समोरच्या बाकावर बसले होते.

"जमेल ना रे, सेक्रेटरी? इथं असली तर मला रोज जाता येईल."

"नियमात बसत नाही, काका."

"नियम असेल तर असेल."

आयुष्यभर मिलच्या गेटवर लोकांच्या वेळा लिहिलेला माणूस. कुणाला एका मिनिटाची सूट दिली नाही. स्वतःसाठी कशी मागणार?

अन्नम्माबाईंना उपनगरात माती देऊन परत येताना काकांच्या शेजारच्या भाऊंनी मला विचारलं, "काय रे, तुमच्यात पण पोटजाती असतात काय? मेल्यावर पण?" भाऊ, तुम्ही समोरच बसला आहात. तेव्हा मी हसलो होतो. का हसलो, ते मला अजून कळत नाही.

आठ महिन्यांनी, पाळकसाहेब, तुम्ही आलात. मी सहज विचारल्यासारखं विचारलं. तुम्ही म्हणालात, "त्यांची ती सुधारलेली सुरियानी मंडळी. पोशाख जुना, शिकवण आपल्यासारखीच, सुधारणेची. आपलं आणि त्यांचं प्रभुभोजन एक. कुणी त्यांना प्रोटेस्टंटांत धरतं, कुणी धरत नाही. पण दफनाला आपण त्यांना कधी अडवत नाही. का, कुणाला अडवलं का?"

मी म्हटलं, "नाही, असंच विचारलं."

ठरवलं, रविवारी काकांना सांगायचं. रविवार आला. उपासना संपली की काका फुलं घेऊन तिकडे निघायचे, दोन बस बदलून. मी दारात उभा होतो. म्हणाले, "तिच्या शेजारी नवीन कुणीतरी आलंय. नावावरून कळत नाही कोण. पण ती काय, बोलेल कुणाशीही."

मी म्हटलं, "जपून जा, काका."

त्यानंतर दर रविवारी मी तेवढंच म्हटलं. सहा वर्षं. डोळे मिटले की प्रार्थनेच्या आधी तो अर्ज यायचा. देवाला मी सांगितलं. देवाला सांगणं सोपं होतं, त्याला आधीच ठाऊक होतं. काकांना नव्हतं.

गेल्या महिन्यात हॉस्पिटलात त्यांनी मला जवळ बोलावलं. शैला, तू औषधं आणायला खाली गेली होतीस.

"माझ्या अर्जावर काय लिहिशील?"

"प्रोटेस्टंट. दुसरं काय?"

"'इतर' लिही. माझ्यासाठी एवढं एक खोटं लिही. मला तिच्याकडे जायचंय."

कधी खोटी वेळ न लिहिलेला माणूस माझ्याकडे खोटं मागत होता. माझ्या चुकीमुळे मागत होता. तेव्हा तरी बोलायला हवं होतं ना? खोलीत आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, "बरं, काका."

त्यांनी माझा हात धरला आणि आभार मानले. बंधुभगिनींनो, माझे आभार मानले.

म्हणून ते तिकडे आहेत. दोघं एकत्र आहेत, असं म्हणून मला सुटता आलं असतं. पण ती दोघं इथंही एकत्र असती. आणि सात वर्षं काका रोज तिच्याकडे चालत गेले असते.

आता काकांसाठी आणि अन्नम्माबाईंसाठी दोन मिनिटं शांत उभे राहू या.

शैला, तुझ्यावर या शांततेचं बंधन नाही. मी ती सहा वर्षं पाळली. तुला जे म्हणायचं असेल ते म्हण. मी इथंच उभा आहे.