आरशासारख्या अंगणातला साखरपुडा

मंडळी, मला एक सांगा, घरामागचं अंगण बांधायचं ते कुणासाठी? बघणाऱ्याच्या डोळ्यांसाठी, की बसणाऱ्याच्या पायांसाठी? हसू नका! याच प्रश्नापायी सांगलीकडच्या एका घरी लग्न मोडायची वेळ आली होती. ऐका तर खरं!

सदानंद मुळगुंद नावाचे एक गृहस्थ. पोस्टातून निवृत्त झालेले. माणूस सज्जन, पण मत एकदा झालं की झालं! लेकीचा, मृदुलाचा, साखरपुडा ठरला. सदानंदरावांनी जाहीर केलं, "कार्य मागच्या अंगणातच! आणि त्याआधी तिथं काळा ग्रॅनाइट. आरशासारखा!"

पत्नी शरयूताई म्हणाल्या, "अहो, ऐन वैशाखातलं कार्य. काळा दगड तापेल. ओला झाला तर पाय घसरेल. साधी खरबरीत शहाबादी घाला. आणि तो शेवगा राहू दे, सावली आहे."

"शेवग्याचा पाला पडतो गं ग्रॅनाइटवर!"

म्हणजे बघा, अंगणासाठी फरशी नाही, फरशीसाठी अंगण! शेवगा गेला, ग्रॅनाइट आला. कोपऱ्यात तोंडातून पाणी सोडणारा सिमेंटचा मासासुद्धा आला! सदानंदराव रोज सकाळी फरशीत बघून भांग पाडू लागले.

कार्याचा दिवस उजाडला. मुहूर्त भर दुपारचा! आणि मांडव? "छे! मांडवाखाली चमक दिसत नाही!" पाहुण्यांनी चपला काढल्या, अंगणात पाय ठेवला — आणि काय सांगू! नवऱ्या मुलाची आत्या एका पायावर, मामा दुसऱ्या पायावर! सनई बाहेर, नाच आत!

"सदानंदराव, फरशी तापलीय हो!"

"छे छे, कुठं तापलीय?" सदानंदराव ठाम उभे. तळपाय भाजताहेत, डोळ्यांत पाणी, चेहऱ्यावर हसू! अभिमान तो हाच, मंडळी. पाय पोळतात, पण माणूस हलत नाही!

शेवटी न राहवून त्यांनीच घागरभर पाणी ओतलं. त्यावर मुलाचे वडील, भारदस्त विश्वंभरपंत, सर्रकन घसरले ते थेट माशापुढे! फेटा एकीकडे, पंत दुसरीकडे!

मृदुला दारातच थिजली. सदानंदरावांकडे सबबी पुष्कळ होत्या — ऊन फार, दगडच वाईट निघाला! पण त्यांनी लेकीचा चेहरा पाहिला आणि सगळ्या सबबी गिळल्या. धोतर आवरून पंतांशेजारी त्याच पाण्यात बसले.

"पंत, चूक माझी. हिनं आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. राग माझ्यावर काढा, पोरीवर नको."

पंतांनी कंबर चाचपली. म्हणाले, "व्याही, चारचौघांत बायकोचं खरं होतं म्हणणारा बाप! अशा घरची मुलगी आम्हाला हवीच. पण आधी मला उठवा!"

साखरपुडा झाला, स्वयंपाकघरात, पुरणाच्या वासात! पुढं ग्रॅनाइट निघाला. सदानंदरावांनी विचारलं, "आता काय घालू?"

शरयूताई म्हणाल्या, "आधी इथं बसून तर बघू. ऊन कुठून येतं, वारा कुठून येतो. मग ठरवू."

दोघं मातीवर चटई टाकून बसले, चहा घेतला. इतकं बरं वाटलं, की बांधकाम महिनाभर तसंच राहिलं!

मंडळी, आपली भक्तीही अशीच हो! गंध ठसठशीत, माळ जाडजूड, बघणारा दिपून जातो! पण दमलेला जीव दारी आला, तर टेकायला गार जागा आहे का तुमच्यापाशी? शेजाऱ्याकडे बघू नका, तुम्हालाच विचारतोय! अहो, देव अनवाणी येतो. त्याचे पाय पोळू देऊ नका! वाजवा टाळी, घ्या नाव — विठ्ठल, विठ्ठल!