बाबांची जेवल्यानंतरची शुगर

तुमचे वडील पथ्य पाळत नाहीत, एवढंच ना? माझे बाबा तर रक्ताच्या तपासणीतच कॉपी करायचे. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं, मग नेहमीसारखं जेवून दोन तासांनी पुन्हा द्यायचं. बाबा मध्ये फक्त एक इडली खायचे आणि शुगर नॉर्मल आली म्हणून आमच्या मलकपेठ मोहल्लाभर सांगत फिरायचे. डॉक्टरांनी तो आकडा खरा मानून गोळी निम्मी केली. इकडे पायाची जखम भरायचं नाव घेईना.

मी चिडले, तर म्हणाले, "नक्को शिकवू बेटा, मधुमेह मला झालाय, तुला नाही."

मग चुलत बहिणीच्या लग्नात त्यांनी पुऱ्यांवर दोन वाट्या जर्दाळूंचा गोडमिट्ट खुबानी का मीठा चापला, वर तेव्हा बाजारात नव्याने आलेलं परदेशी कोल्ड्रिंक. दोन तासांनी मी त्यांना गोड बोलून स्कूटरवर बसवलं आणि थेट आबिड्सच्या लॅबमध्ये नेलं. शुगर निघाली तीनशे वीस.

बाबा शांतपणे म्हणाले, "हा आकडा लग्नाचा आहे, माझा नाही."

मी म्हटलं, "मग पाय कुणाचा कापायचा, नवरदेवाचा?"