टुण्याचं चाक

(भर दुपार. खिडकीला जाड चादर लावलेली. अंधारात एका छोट्या चाकाची कुरकुर सुरू होते.)

आई : कोण गं तिकडे?

लेक : मीच. रिकामंच फिरवतेय, बोटानं.

आई : रात्रभर पावाच्या भट्टीपुढे उभी होते, राणी. आत्ता कुठे डोळा लागत होता.

लेक : टुण्या आत धावून फिरवायचा तेव्हा नाही कधी ओरडलीस.

आई : तेव्हा मी कामावर असायचे. आवाज तुला आणि आजीला.

आजी : तर काय! वाळवंटातला उंदीर तो. दिवसा मेल्यागत पडायचा, अन् दिवे मालवले की त्याच्या अंगात यायचं.

लेक : मेल्यागत नाही, आजी. त्यांच्याकडे दिवसा वाळू भाजते. म्हणून बिळाला वाळूचं बूच लावून झोपतात. आई चादर लावते ना, तस्संच.

आजी : घे सूनबाई. उंदराच्या पंगतीला बसवलं तुला.

आई : हसवू नका हो.

लेक : त्याला दुकानात परत का दिलंस?

आई : बाई म्हणाल्या, वर्गात पेंगतेस. मला वाटलं, चाकानं झोपमोड होते तुझी. आता तो नाही, तरी पेंगतेसच म्हणे.

लेक : झोपमोड कुठली? मी आधीपासूनच जागी असायचे.

आई : आधीपासून म्हणजे?

लेक : तू दार लोटून गेलीस की. मग आजी घोरायला लागायची.

आजी : मी घोरत नाही.

लेक : मग तो बाहेर यायचा. आधी नुसत्या मिशा, मग अख्खा. मी हळूच म्हणायचे, आलास? तो मागचा पाय वाळूवर आपटायचा. मग आम्ही दोघं तुझी वाट बघायचो.

आई : मला कधी बोलली नाहीस गं.

आजी : बोलणार कधी? तू येतेस, तेव्हा ती दप्तर घेऊन दारात.

आई : ये इकडे. पिठाचा वास येतोय का केसांना?

लेक : येतोय. असू दे.

आई : काल गेले होते मी दुकानात. त्याला परत आणायला.

लेक : मग?

आई : कुणी तरी घेऊन गेलं त्याला. कोण, ते दुकानदारालाही आठवेना. आधी तुला विचारायला हवं होतं मी.

लेक : चाक तर इथंच राहिलं त्याचं.

आई : हो.

लेक : आई, त्या घरी रात्री कोण जागं असतं?