मांडवाची जागा

नाही, पहार मी खाली ठेवणार नाही, आणि माझा हात सोड, ओक्वुडिली. लोकांना म्हणू दे काय म्हणायचं ते. सिमेंट तुझं, कबूल — घेऊन जा तुझ्या त्या अबुजा शहरात गाडीत घालून. अंगण माझं. इथे माझा उगूच्या पालेभाजीचा वेल होता, काठ्यांवर चढलेला, अळू होतं, कडूपाल्याचं झुडूप होतं, त्यावर तू वाढलास — आणि तुझ्या बापाची कबर तेवढी सोडून सगळ्यावर सिमेंट ओतलंस. भाजी बाजारातून आण म्हणतोस. आणते ना. बाया हसतात, मुलगा अबुजात आणि ही मूठभर पाल्यासाठी घासाघीस करतेय.

घण कुणी मारला म्हणून काय विचारतोस, घण नाही लागत. सिमेंटवर लाकडं पेटवायची, चांगलं तापू द्यायचं आणि गार पाणी ओतायचं — तडकतं, मग पहार घालायची भेगेत. माझ्या माहेरी बाया खडक असाच फोडतात. तुझ्या काकूला वाटलं मी बाहेर रांधतेय, वाटी घेऊन आली होती.

चिखल होऊ नये म्हणून केलं? मलाही तसंच वाटलं होतं. मी आत तापाने फणफणलेली, बाहेर तुझं ते सिमेंट कालवायचं मशीन घरघरतंय, आणि मी काकूला सांगतेय — बघ, आईचा पाय घसरू नये म्हणून पोरगा अंगण बांधतोय. चर्चमध्येसुद्धा सांगितलं मी. बरी झाल्यावर चालूनही दाखवलं सगळ्यांना, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग परवा तो मांडववाला आला, टेप घेऊन. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मापं घेतली, गाड्या कुठे लागतील ते बघितलं. मी विचारलं, लग्न कुणाचं रे बाबा? तो बिचारा टेपच गुंडाळत बसला.

माझ्या मयताला या अंगणात किती मांडव बसतील ते तू माझ्या तापात ठरवलंस, आणि मी मेली बरी होऊन बसले, तुझं सगळं गणित बिघडवलं.

रीत तुला माहीत नाही का? मी गेले की माझ्या माहेरचे येतील, ते मांडव नाही मोजणार, आधी विचारतील — आमची पोर तुमच्याकडे काय खात होती? त्यांचं समाधान झाल्याशिवाय मला मातीत ठेवता येणार नाही तुला. तेव्हा काय दाखवशील, ही फरशी? भाऊबंद बोलतील म्हणे. बोलू देत. तुझ्या बुटांखाली लावायला आणलेले अळूचे कांदे आहेत, सरक तिकडे — आणि एवढं ऐक, तुझ्या बापाशेजारी मला पुरायला तू हे एक दिवस फोडणारच होतास, मी जेवायला फोडतेय.